आदल्या सायंकाळची तयारी : वजन-नियंत्रणाचा व्यवहार्य मार्ग

आहाराचा प्रश्न म्हटला, की महाराष्ट्रात दीर्घकाळ एकाच गोष्टीचा विचार होत असे. ती गोष्ट म्हणजे अन्नाची टंचाई. १९७२-७३ च्या दुष्काळात वाटली गेलेली सुकडी अनेकांच्या स्मरणात अजूनही आहे. ज्या पिढीने बालपणी ती सुकडी खाल्ली, त्याच पिढीतील अनेक जण आज रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घेण्यासाठी आरोग्य केंद्रात रांगेत उभे असतात. अर्धशतकात प्रश्नाचे स्वरूप असे पालटले आहे. टंचाई सर्वस्वी संपलेली नाही. परंतु तिच्या शेजारी अतिरिक्त वजनाचा प्रश्न येऊन उभा राहिला आहे.

२०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २३.४ टक्के स्त्रिया आणि २४.७ टक्के पुरुष यांचे वजन उंचीच्या मानाने अधिक आढळले. त्याच सर्वेक्षणात २०.८ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष यांचे वजन आवश्यकतेपेक्षा कमी असल्याचेही दिसून आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, उच्च रक्तदाबाचे ३५.५ टक्के, तर पोटाच्या स्थूलतेचे ३९.५ टक्के एवढे आढळले. या तीनही गोष्टी परस्परांशी निगडित आहेत.

बुलढाण्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातही तहसील कार्यालयातील कर्मचारी, शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी आणि दुकानदार यांचा दिवस मुख्यत्वे बसून जातो. त्यांच्यापुढील अडचण ज्ञानाची नाही. तेल, साखर आणि तळलेले पदार्थ कमी करावेत, हे प्रत्येकास ठाऊक असते. मात्र भूक लागते त्या घटकेस हाताशी काय आहे, यावर प्रत्यक्ष आहार ठरतो. आणि हाताशी काय असेल, हे आदल्या सायंकाळीच ठरून गेलेले असते. पूर्वतयारीच्या आहाराचे महत्त्व यातच आहे.

वजन अधिक आहे हे कसे ओळखावे?

वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्यास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्यास शरीर-वस्तुमान निर्देशांक म्हणतात. भारतीयांसाठी हा अंक २३ च्या आत असणे इष्ट मानले जाते. २५ किंवा त्याहून अधिक असल्यास ती स्थूलता होय. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे ५९ किलोपर्यंत असावे. ६४ किलोच्या पुढे स्थूलतेस प्रारंभ होतो. याहूनही सोपी कसोटी कमरेच्या घेराची आहे. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा समजावी. हातपाय सडपातळ असूनही पोट वाढलेल्या व्यक्तीस मधुमेहाचा धोका असू शकतो. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबून राहू नये.

येथे एक दिलासा देणारी बाब आहे. आदर्श वजन गाठले तरच लाभ होतो, असे नाही. मूळ वजनात ५ ते १० टक्के घट झाली, तरी रक्तदाब व रक्तातील साखर यांवर इष्ट परिणाम दिसू लागतो. ७० किलो वजनाच्या व्यक्तीने साडेतीन ते सात किलो वजन कमी करणे, हे सहा महिन्यांत साधण्याजोगे उद्दिष्ट आहे. रोजच्या आहारातून सुमारे ५०० उष्मांक कमी झाल्यास आरंभीच्या काळात आठवड्यास साधारण अर्धा किलो वजन घटते. पुढे हा वेग मंदावतो. तो स्वाभाविक आहे आणि त्यामुळे निराश होण्याचे कारण नाही.

हे ५०० उष्मांक येतात कोठून?

गावी शाळा किंवा कार्यालय असलेला कर्मचारी सकाळी एस. टी. अथवा दुचाकीने निघतो. घाईत न्याहारी राहून जाते. दहा-अकराच्या सुमारास पहिला गोड चहा होतो. दिवसभरात, प्रत्येक भेटीस आलेल्या माणसाबरोबर एक याप्रमाणे, चार चहा सहज होतात. प्रत्येक चहात दोन चमचे साखर धरल्यास ती ४० ग्रॅम होते, म्हणजे केवळ साखरेचेच १६० उष्मांक झाले. राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद या संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शिकेत दिवसाची एकूण साखर २० ते २५ ग्रॅमच्या मर्यादेत ठेवण्याचा सल्ला आहे. चार वाजता पोटात आग पडते, तेव्हा समोर भजी, समोसा किंवा आलूबोंडा असतो. शेगावची कचोरी तर जिल्ह्याच्या सीमा ओलांडून गेलेली आहे. सणावारी किंवा शेगावच्या वारीत ती खाण्यास कोणी मनाई करणार नाही. प्रश्न आहे तो रोजच्या तळणाचा. रात्री उशिरा घरी परतल्यावर दिवसभराची भूक एका जेवणात भागविली जाते आणि त्यानंतर लगेच झोप घेतली जाते.

या दिनक्रमात दोष इच्छाशक्तीचा क्वचितच असतो. भुकेल्या माणसासमोर एकच पदार्थ उपलब्ध असेल, तर तो तेच खाणार. पिशवीत डबा, मूठभर भाजलेले चणे आणि एखादे फळ असेल, तर निवड करता येते. निवडीची ही संधी निर्माण करणे, एवढेच पूर्वतयारीचे कार्य आहे.

शिदोरीची परंपरा

पूर्वतयारीची कल्पना या भागास नवी नाही. शेतावर जाणाऱ्या माणसाच्या शिदोरीत ज्वारीची भाकरी, घट्ट पिठले किंवा झुणका, अंबाडीची भाजी, ठेचा आणि कांदा असे. प्रवासासाठी दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या जात, कारण त्या मऊ राहतात. पालेभाजी आणि दोन-तीन पिठे एकत्र करून धपाटे थापले जात. खानदेशाच्या सरहद्दीकडील भागात ज्वारीत उडीद मिसळून केलेली कळण्याची भाकरी परिचित आहे. उन्हाळ्यात मूगवड्या, सांडगे, खारोड्या, बिबडे असे वाळवण वर्षभरासाठी करून ठेवण्यात येई. जवस, कारळ आणि तीळ यांच्या कोरड्या चटण्या प्रत्येक घरी असत.

आहारशास्त्राच्या दृष्टीने पाहता या पदार्थांमागील योजना विचार करण्याजोगी आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. मुगात ती २४ ग्रॅम, तर तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम असतात. धान्यातील प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळीतून मिळतो, आणि डाळीतील उणीव धान्य भरून काढते. त्यामुळे भाकरी-पिठले किंवा कळण्याची भाकरी यांतून मिळणारी प्रथिने शरीरास अधिक उपयोगी पडतात. प्रथिने आणि तंतुमय पदार्थ यांमुळे पोट अधिक वेळ भरल्यासारखे वाटते. वजन कमी करू इच्छिणाऱ्यास नेमके हेच हवे असते.

मात्र जुनी शिदोरी जशीच्या तशी उचलणे हिताचे होणार नाही. ती नांगरामागे चालणाऱ्या, निंदण-खुरपण आणि कापूस वेचणी करणाऱ्या माणसासाठी होती. पदार्थ तेच ठेवावेत. परंतु श्रम बदलले असल्याने माप बदलले पाहिजे. चार भाकरींच्या जागी दोन मध्यम भाकरी आणि भाजी दुप्पट, असा हा बदल आहे. वाळवणातील कुरडया, पापड इत्यादी पदार्थ तळले असता बरेच तेल शोषून घेतात. पापड व बिबडे भाजून खावेत, मूगवड्या रश्श्यात शिजवाव्यात आणि मिठाचे प्रमाण बेताचे ठेवावे. शेंगदाण्याची चटणी पौष्टिक असली तरी १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५६० उष्मांक असतात. तेव्हा एक-दोन चमचे चटणी पुरे.

सोयाबीनच्या बाबतीत एक विसंगती लक्षात येते. जिल्ह्याच्या शेतात सोयाबीन मोठ्या प्रमाणावर पिकते. ताटात मात्र ते मुख्यतः तेलाच्या रूपाने येते. सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने आहेत. ते कच्चे दळू नये. उकळत्या पाण्यात २० ते ३० मिनिटे ठेवून, वाळवून, नंतर नऊ भाग गव्हास एक भाग या प्रमाणात दळल्यास पोळीची चव फारशी न बदलता तिचा कस वाढतो.

आठवड्याची आखणी

पूर्वतयारी म्हणजे सात दिवसांचा स्वयंपाक एकाच दिवशी उरकणे नव्हे. तसे करणे आपल्या हवामानात योग्य नाही आणि शिळ्या अन्नाचा कंटाळाही लवकर येतो. कामाचे तीन टप्पे पाडले, तर ते सोपे होते.

पहिला टप्पा महिन्याचा. कोरड्या चटण्या, भाजलेले चणे, भाजणी, मूगवड्या असे न नासणारे पदार्थ या वेळी करून ठेवावेत. ज्वारी आणि बाजरीचे पीठ मात्र थोडे थोडे दळून आणावे. ज्वारीचे पीठ जुने झाले की भाकरी थापताना तुटते आणि बाजरीचे पीठ कडू पडते. तेलाचा हिशेबही याच वेळी करावा. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेनुसार दिवसास २००० उष्मांकांच्या आहारात तेल-तूप मिळून माणशी सुमारे २७ ग्रॅम असावे. चार प्रौढ माणसांच्या घरात हे प्रमाण महिन्यास सव्वातीन किलोच्या आसपास होते. महिन्याच्या आरंभी तेवढेच तेल वेगळे काढून ठेवावे. ते वीस दिवसांत संपले, तर खर्च कोठे झाला याचा शोध आपोआप सुरू होतो.

दुसरा टप्पा आठवडी बाजाराच्या दिवसाचा. बाजारातून आणलेली भाजी त्याच सायंकाळी निवडावी. मेथी, पालक, चवळी, अंबाडी या पालेभाज्या पहिल्या दोन-तीन दिवसांत संपवाव्यात. गवार, दोडका, कोबी नंतरच्या दिवसांसाठी ठेवावीत. भोपळा, गाजर, काकडी यांचा उपयोग त्याप्रमाणे ठरवावा. निवडलेली पालेभाजी ओली न ठेवता कोरड्या फडक्यात गुंडाळावी. प्रत्येक वाराच्या डब्याची भाजी व उसळ कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावल्यास रोज सकाळी ‘आज काय करावे’ हा प्रश्न उरत नाही.

तिसरा टप्पा आदल्या सायंकाळचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा होय. यास वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशीची भाजी चिरून झाकून ठेवावी. मूग, मटकी किंवा हरभरा भिजत घालावा. आदल्या दिवशी भिजविलेले कडधान्य फडक्यात बांधावे. दही विरजावे. चणे व फळ पिशवीत ठेवून द्यावे. सकाळी केवळ भाकरी करणे आणि फोडणी देणे शिल्लक राहते. फोडणीचे तेल बाटलीतून थेट न ओतता चमच्याने मोजून घ्यावे. एका लहान चमच्यात साधारण ५ ग्रॅम तेल, म्हणजे ४५ उष्मांक असतात.

डब्याचे माप

बैठे काम करणाऱ्या आणि वजन कमी करू इच्छिणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी दुपारचा एक नमुना पुढीलप्रमाणे सांगता येईल : ८० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन लहान भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मुगाची उसळ, दीडशे ग्रॅम भाजी, एक लहान वाटी दही आणि या सर्वांत मिळून दोन लहान चमचे तेल. यातून सुमारे ६०० उष्मांक आणि २० ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. सोबत काकडी, मुळा किंवा गाजर हवे तेवढे घ्यावे. चार वाजताच्या भुकेसाठी मूठभर फुटाणे आणि पेरू, बोर किंवा संत्रे असे ऋतुमानाप्रमाणे मिळणारे फळ पुरते. यांसाठी लागणारी एकही वस्तू शहरातून आणावी लागत नाही.

उपवासाच्या दिवशी अनेकांचा संयम सुटतो, कारण आपल्याकडील साबुदाण्याच्या उसळीत पिष्टमय पदार्थ, शेंगदाणे आणि तेल यांचेच प्राधान्य असते. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. त्याऐवजी भगर, ताक आणि फळे घेतल्यास उपवासही होतो व उद्दिष्टही ढळत नाही.

घाटावर आणि घाटाखाली

अन्न टिकविण्याचा विचार करताना जिल्ह्याची भूरचना लक्षात घ्यावी लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा घाटावरील भाग तुलनेने थंड आहे. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्याकडील घाटाखालचा भाग उन्हाळ्यात अतिशय तापतो. बुलढाण्यात हिवाळ्यात दुपारपर्यंत उत्तम राहणारी उसळ एप्रिल-मे महिन्यांत नांदुऱ्याकडे खराब होऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिजविलेले अन्न साध्या तापमानात दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये. ते ५ अंश सेल्सिअसच्या खाली थंड किंवा ६० अंशांच्या वर गरम ठेवावे. म्हणून उन्हाळ्यात वरण, भात, उसळ असे ओलसर पदार्थ उष्णता टिकविणाऱ्या डब्यातच न्यावेत. असा डबा नसेल, तर भाकरी, कोरडी भाजी, कोरडी चटणी आणि फुटाणे ही जुन्या शिदोरीची निवडच अधिक सुरक्षित ठरते. शिजविलेले कडधान्य शीतकपाटात ठेवावयाचे असल्यास उथळ भांड्यात लवकर निववून, झाकून ठेवावे, दोन-तीन दिवसांत संपवावे आणि खाण्यापूर्वी वाफ येईपर्यंत गरम करावे. वीज दीर्घकाळ जात असेल, तर शिजविलेले अन्न साठवूच नये. निवडणे, चिरणे आणि भिजविणे एवढीच पूर्वतयारी करावी. तेवढ्यानेही निम्मे काम होते.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात पाण्याच्या क्षारतेमुळे डाळी शिजण्यास वेळ लागतो. अशा ठिकाणी डाळ व कडधान्य रात्रभर, शक्य तर गोड्या पाण्यात भिजविल्यास इंधनाची बचत होते.

सावधगिरी कोणी बाळगावी?

मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय जेवण एकदम कमी करू नये अथवा टाळू नये. रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली जाण्याचा संभव असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळी व सोयाबीन वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गरोदर व स्तनदा माता, क्षयरोगाचे रुग्ण आणि वाढीच्या वयातील मुले यांच्यासाठी वजन घटविण्याचा आहार नाही. महिन्याभरात दहा किलो वजन उतरविण्याची हमी देणारी चूर्णे व पेये यांपासून दूर राहावे.

आहारास चालण्याची जोड हवी. आठवड्यास किमान १५० मिनिटे जलद चालणे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, पुरेसे आहे. तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिर व प्राथमिक आरोग्य केंद्र येथे करण्यात येते. तिचा लाभ घेऊन सुरुवातीचे वजन, कमरेचा घेर आणि रक्तदाब यांची नोंद ठेवावी. पुढे आठवड्यातून एकदा, एकाच वारी व एकाच वेळी वजन करावे.

घर, शाळा आणि ग्रामपंचायत

या योजनेचा सर्व भार घरातील एका स्त्रीवर पडणार असेल, तर ती फार काळ टिकणार नाही. अनेक घरांत ती स्वतःही शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा शेतमजूर असते, आणि तिचे स्वतःचे जेवण सर्वांत शेवटी, उरलेल्या अन्नावर होते. सायंकाळची वीस मिनिटे भाजी निवडणे, कडधान्य भिजविणे आणि डबे घासणे ही कामे पुरुषांनी व मोठ्या मुलांनी करावीत. ज्याचे वजन कमी व्हावयाचे आहे, त्याने स्वतःच्या डब्याची जबाबदारी स्वतः घेणे, हीच यशाची पहिली पायरी होय.

शाळेत या विषयाची मांडणी विवेकाने व्हावी. एकाच वर्गात कमी वजनाचे आणि अधिक वजनाचे असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असू शकतात. मुलांशी वजनाविषयी बोलण्याऐवजी ज्वारी, कडधान्ये, भाज्या यांविषयी बोलावे आणि शिक्षकांनी स्वतःचा डबा त्यांच्यासमोर उघडावा. मुले उपदेशापेक्षा डब्याकडे अधिक लक्ष देतात.

ग्रामपंचायतींच्या हाती एक सोपा उपाय आहे. मासिक सभा आणि ग्रामसभा यांत चहा-भजीच्या जागी उकडलेल्या घुगऱ्या, फुटाणे, फळे आणि ताक ठेवल्यास सदस्यांचे आरोग्य सांभाळले जाईल आणि गावात एक पायंडा पडेल. तालुक्याच्या ठिकाणी कार्यालयांना भाकरी-उसळीचे डबे पुरविण्याचे काम महिला बचत गटांना घेता येईल. त्यामुळे गटास नियमित उत्पन्न मिळेल, ज्वारी, तूर व मूग पिकविणाऱ्या शेतकऱ्यास जवळची बाजारपेठ लाभेल आणि ज्या कर्मचाऱ्याच्या घरी सकाळी डबा होऊ शकत नाही, त्याची सोय होईल.

वजन वाढण्यास अनेक वर्षे लागलेली असतात. ते उतरण्यासही अवधी द्यावा लागतो. पहिल्या आठवड्यात पाचही दिवस डबा नेता आला नाही, तरी हरकत नाही. दोन दिवसांपासून प्रारंभ करावा, पुढील आठवड्यात तीन करावेत. ज्या घरात सायंकाळी मूग भिजत पडले, त्या घरातील दुसऱ्या दिवसाच्या दुपारची चिंता मिटली असे समजण्यास हरकत नाही.